किक मागितली, झांज आली: मिडी पॅड आणि ड्रम सॉफ्टवेअरची पहिली जुळणी

कोरी_पाटी

सामान असं: यूएसबीवर चालणारा १६ पॅडचा मिडी कंट्रोलर, विंडोज लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि त्यात स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५.५ या ड्रम प्लगइनची फुकट आवृत्ती. वेगळा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंडकार्ड, नाही. ड्रम्सचा अनुभव शून्य.

अडचणी चार:

(अ) सगळ्यात खालचा डावा पॅड म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), असं सगळीकडे सांगतात. तिथे दाबलं की झांज वाजते. त्याच्या आसपास आणखी दोन-तीन झांजा सापडतात, बाकीचे बरेच पॅड मुके.
(आ) पॅड दाबणं आणि आवाज येणं यांत चांगला जाणवेल इतका वेळ जातो.
(इ) हळू मारा नाहीतर जोरात, आवाज एकाच ताकदीचा.
(ई) मुळात पॅड हवे होते का, की २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड पुरला असता?

काय, कोणत्या क्रमाने तपासायचं ते सांगा. "व्हिडिओ बघ" सोडून काहीही चालेल.

उगाचच

शेजारच्या टेबलची ऑर्डर आली असेल. :)

समेवरचा

एक गोष्ट आधी पक्की करू, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. कंट्रोलरमधून आवाज येत नाही. केबलमधून जातो तो नुसता निरोप: अमुक चॅनेल, ३६ नंबरची नोट, ११० चा जोर. त्या ३६ ला किक म्हणायचं की आणखी काही, हे पलीकडचं सॉफ्टवेअर ठरवतं. मिडी १९८३ पासून असंच चाललंय.

म्हणजे साखळी अशी: पॅड, केबल, रीपरचं मिडी इनपुट, ट्रॅक, ड्रम प्लगइन, ऑडिओ ड्रायव्हर, हेडफोन. तपासताना याच क्रमाने जायचं, मधूनच उडी मारायची नाही. रीपरमध्ये:

प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली मिडी इनपुटची यादी आहे. तिथे कंट्रोलरचं नाव दिसायला हवं. त्यावर उजवं क्लिक करून इनपुट चालू करा. मग ट्रॅक मेनूतून "इन्सर्ट व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट ऑन न्यू ट्रॅक" घ्या आणि ड्रमचं प्लगइन निवडा. ट्रॅकचं लाल रेकॉर्ड बटण दाबलेलं हवं, इनपुट "ऑल मिडी इनपुट्स, ऑल चॅनेल्स" हवं, आणि मॉनिटरिंग चालू हवं. या तिघांतलं एक राहिलं की काहीच वाजत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो.

आणखी एक सोपी परीक्षा. ऑल्ट आणि बी दाबलं की रीपरचा पडद्यावरचा मिडी कीबोर्ड उघडतो. त्यावरून किक वाजली तर प्लगइनपासून पुढची बाजू धडधाकट आहे, रोग अलीकडे आहे. नाही वाजली तर कंट्रोलरला हातही लावू नका, घोडं पुढे पेंड खातंय.

वायरवाला

समेवरच्यांच्या साखळीत "केबल" एका शब्दात उरकली आहे, म्हणून जोड देतो.

१. फोनबरोबरच्या काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. आत डेटाच्या तारा नसतात. पॅडचे दिवे झकास लागतात, संगणकाला मात्र काही जोडल्याचा पत्ताच नाही. यादीत नाव नाही आणि दिवे चालू, म्हणजे पहिला संशय केबलवर.
२. पॉवर नसलेल्या हबमधून जोडू नका. दिवे जास्त असलेले पॅड वीज जास्त ओढतात आणि मध्येच गायब होतात.
३. विंडोजवर बरेच मिडी ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला दार उघडतात. कंट्रोलरचा एडिटर (त्याची सेटिंग बदलायचा प्रोग्राम) उघडा ठेवून रीपर सुरू केलं तर रीपरला पोर्ट मिळत नाही. एडिटर बंद करा, मग रीपर.
४. आधी केबल जोडा, मग रीपर उघडा. उलट केलं तर कधी चालतं, कधी नाही.

बहुतेक यूएसबी पॅडना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लागला तरच टाका.

चौथी_मात्रा

(अ) साठी. १९९१ साली जनरल मिडी आलं, त्यात ड्रम्सना चॅनेल १० आणि प्रत्येक वाद्याला ठरलेला नंबर मिळाला. हे बारा पाठ असले की रोजचं काम भागतं:

३६ किक (३५ ही किकच)
३७ साइड स्टिक
३८ स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम (४० दुसरा स्नेअर)
४२ बंद हाय-हॅट (पेडलने मिटणारी झांजांची जोडी)
४४ पायाने मिटलेली हाय-हॅट
४६ उघडी हाय-हॅट
४१, ४३ फ्लोअर टॉम (जमिनीवर उभे मोठे ड्रम)
४५, ४७, ४८, ५० वरचे टॉम, खालच्या सुराकडून वरच्याकडे
४९ क्रॅश झांज
५१ राइड झांज
५३ राइडची बेल
५७ दुसरी क्रॅश

बहुतेक ड्रम सॉफ्टवेअर याच्या आसपासच चालतं, पण तंतोतंत नाही. आणि एक खड्डा: नोटच्या नावावर जाऊ नका, नंबरच बघा. ६० नंबरच्या नोटला काही कंपन्या सी३ म्हणतात, काही सी४. त्यामुळे ३६ ही एकाची सी१ आणि दुसऱ्याची सी२. मार्गदर्शिकेत "किक सी१ वर" असं वाचून कुणी २४ नंबर लावून ठेवतं आणि मग किक कुठाय म्हणून शोधत बसतं.

खडखडाट

सरळ उपाय सांगतो. कंट्रोलरबरोबर त्याचा एडिटर मिळतो. त्यात प्रत्येक पॅडला हवा तो नंबर द्या: खालची ओळ ३६, ३८, ४२, ४६, तिच्यावर टॉम, वर झांजा. प्रीसेट म्हणून कंट्रोलरमध्येच साठवा. कुठल्याही संगणकाला जोडा, मांडणी तीच.

आडवा_ठेका

> कंट्रोलरमध्येच साठवा

इथे असहमत. मांडणी सॉफ्टवेअरमध्ये बदलावी. उद्या कुणाची तयार मिडी फाइल आणली, किंवा तुमचं रेकॉर्डिंग दुसऱ्या किटवर वाजवायचं झालं, तर नंबर प्रमाण राहिलेले बरे. पॅडवर मनमानी नंबर टाकले की रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्येही तेच मनमानी नंबर बसतात. स्लेटमध्ये मॅपिंगचं (कोणत्या नंबरला कोणतं वाद्य) पान आहे, तिथे काम होतं. एबलटन या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ड्रम रॅकमध्ये प्रत्येक आवाजाच्या साखळीला "रिसीव्ह"चा रकाना आहे, तिथून होतं.

खडखडाट

मी तरी कुठे मनमानी म्हणालो? ३६, ३८, ४२, ४६ हे प्रमाण नंबरच आहेत. ते बोटांना सोयीच्या जागी आणायचे, एवढंच. पॅडची जागा बदलली म्हणून नोटचा नंबर बदलत नाही.

आडवा_ठेका

असं असेल तर मान्य. जागा कंट्रोलरमध्ये बदला, अर्थ सॉफ्टवेअरमध्ये.

उगाचच

दोघांचं एकमत झालं. आता हा स्क्रीनशॉट जपून ठेवतो.

रात्रपाळी

अहो, पण कोरी_पाटी यांचे पॅड नेमके कोणते नंबर पाठवताहेत ते कुणी विचारलंच नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललंय.

त्याच ट्रॅकवर ड्रम प्लगइनच्या आधी रीपरचं स्वतःचं रीआकंट्रोलमिडी टाका आणि त्यातलं "शो लॉग" दाबा. आता एकेक पॅड मारा. आलेला प्रत्येक निरोप तिथे उतरतो. रीपर नको असेल तर विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर एसेकडम्प हेच काम करतात. आकडे सोळाच्या पायात दिसले तर घाबरू नका. ९० म्हणजे चॅनेल १ वर नोट सुरू, ९९ म्हणजे चॅनेल १० वर, आणि २४ म्हणजे आपले ३६.

खालच्या डाव्या पॅडपासून क्रमाने सगळे नंबर आणि जोराचे आकडे इथे लिहा.

कोरी_पाटी

लॉग चालला. खालचा डावा ५२, मग ५३, ५४, ५५. दुसरी ओळ ५६ ते ५९. असं करत शेवटचा वरचा उजवा ६७. जोर प्रत्येक वेळी १२७, कसंही मारलं तरी.

चौथी_मात्रा

सापडलं. मॅपिंगला हात लावू नका. तुम्ही बँक बी मध्ये आहात.

सोळा पॅडच्या पुष्कळ कंट्रोलरमध्ये बँक ए ३६ ते ५१ पाठवते आणि बँक बी तिथून पुढे, म्हणजे ५२ ते ६७. जनरल मिडीत ५२ म्हणजे चायना झांज, ५३ राइडची बेल, ५५ स्प्लॅश, ५७ दुसरी क्रॅश, ५९ दुसरी राइड. या तुमच्या झांजा. ५४ डफली, ५६ काउबेल, ५८ व्हायब्रास्लॅप, आणि ६० पासून बोंगो, काँगा, टिंबाले. रॉक ड्रम्सच्या किटमध्ये यातलं फारसं काही नसतं, म्हणून वरचे पॅड मुके. "पॅड बँक" लिहिलेलं बटण एकदा दाबा.

आणि जोर सतत १२७ येतोय म्हणजे "फुल लेव्हल" चालू आहे. तेही बंद करा.

कोरी_पाटी

पॅड बँक दाबलं. किक!! फुल लेव्हलचा दिवा खरंच लागलेला होता. (अ) आणि (इ) निकालात.

उगाचच

मॅपिंगवर पाच प्रतिसाद, औषध एका बटणात. तरी वाचायला मजा आली.

समेवरचा

पॅडवरच्या बटणांचा विषय निघालाच आहे तर बाकीचेही सापळे नोंदवतो, लक्षणांवरून ओळखता येतात:

एक आड एक घावच वाजतो: पॅड "टॉगल"वर आहे. पहिल्या टोल्याला नोट सुरू, दुसऱ्याला बंद. एडिटरमध्ये "मोमेंटरी" करा.

पॅड मारला की काहीच नाही, पण प्लगइनमधलं एखादं बटण आपोआप फिरतं किंवा किटच बदलतं: पॅड "सीसी" किंवा "प्रोग्राम चेंज" मोडमध्ये आहेत, म्हणजे नोटऐवजी नियंत्रणाचा निरोप पाठवतात. ही बटणं पॅडच्या शेजारीच असतात, सहज दाबली जातात.

बोट ठेवलं की मशीनगन सुरू होते: "नोट रिपीट" चालू.

प्रत्येक टोल्याला दोन आवाज, किंचित फाटलेले: काही कंट्रोलर संगणकाला दोन पोर्ट दाखवतात, त्यातला एक मिडीचा आणि एक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या नियंत्रणाचा. दोन्हींतून नोटा येत असतील तर "ऑल मिडी इनपुट्स"मुळे दोन्ही वाजतात. मिडीचा तेवढा ठेवा.

मांडणी भलतीच, पण सगळे पॅड चालू: एमपीसी या जुन्या पॅड-यंत्राच्या पद्धतीचा प्रीसेट असेल. त्यात पहिल्या पॅडवर ३७, दुसऱ्यावर ३६, तिसऱ्यावर ४२, चौथ्यावर ८२. म्हणजे किक दुसऱ्या पॅडवर. चुकलेलं काही नाही, परंपरा वेगळी.

खडखडाट

फुल लेव्हल बंद केल्यावर आता उलटी तक्रार येईल: जोरात मारूनही आवाज दबका. त्यावर व्हेलॉसिटी कर्व्ह (कोणत्या टोल्याला जोराचा कोणता आकडा, ते ठरवणारा वक्र) बदला. एडिटरमध्ये तीन-चार वक्र असतात. बोटं हलकी असतील तर असा घ्या जो मधल्या टोल्याला ८० च्या वर नेतो. उंबरठा, म्हणजे थ्रेशोल्ड, फार खाली ठेवू नका, नाहीतर शेजारच्या पॅडच्या हादऱ्यानेही नोट उमटते. कसोटी अशी: नेहमीच्या ताकदीचे वीस टोले मारा आणि लॉग बघा. बहुतेक ७० ते ११० मध्ये पडले की कर्व्ह बसला. सगळे ११५ च्या वर गेले तर अॅक्सेंटला, म्हणजे मुद्दाम जोरात मारलेल्या टोल्याला, जागाच उरत नाही.

जोराचा परिणाम नुसता आवाज वाढण्यापुरता नाही. चांगल्या किटमध्ये हलका, मधला, कडक अशा टोल्यांची वेगवेगळी रेकॉर्डिंग असतात, शिवाय एकाच ताकदीची चार-पाच आळीपाळीने वाजतात. सतत १२७ पाठवलं तर एकच थर वाजत राहतो. मग "फुकटच्या किटचा आवाज प्लास्टिकसारखा येतो" म्हणायचं. नाचता येईना अंगण वाकडं.

कोरी_पाटी

कर्व्ह बदलला, टोले ६५ ते १०५ मध्ये येताहेत. आता (आ), उशीर. रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "डायरेक्ट साउंड" दिसतंय.

आडवा_ठेका

तेच कारण. विंडोजचा साधा मार्ग मिक्सरमधून जातो आणि वेळ खातो. एएसआयओ४ऑल (उशीर कमी करणारा ऑडिओ ड्रायव्हर) टाका, रीपरमध्ये ऑडिओ सिस्टिम एएसआयओ निवडा, बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाज) २५६ ठेवा. काम झालं.

रात्रपाळी

एएसआयओ४ऑल लगेच नको. तो खरा एएसआयओ ड्रायव्हर नाही, विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. काही लॅपटॉपवर छान चालतो, काहींवर बाकीच्या सगळ्या प्रोग्रामचा आवाज बंद पाडतो. रीपरमध्येच वासापी (विंडोजचाच ऑडिओ मार्ग) आहे, ते "एक्स्क्लुझिव्ह" मोडमध्ये लावून बघा. काही टाकायला लागत नाही. पुरेसं नाही झालं तर एएसआयओ४ऑल. पुढे इंटरफेस घेतला की त्याच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर, मग प्रश्नच नाही. मॅकवर ही भानगड नाही, कोअर ऑडिओ आहे. लिनक्सवर जॅक किंवा पाइपवायर.

आडवा_ठेका

एक्स्क्लुझिव्हमध्येही बाकीच्यांचा आवाज बंदच होतो की.

रात्रपाळी

होतो. पण रीपर बंद केलं की सगळं पूर्ववत, आणि काढून टाकायला वेगळा प्रोग्राम मागे राहत नाही. नवख्याला एवढं पुरे.

समेवरचा

बफरचा हिशोब. बफरमधले नमुने भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने). ४४,१०० वर:

६४ म्हणजे १.५ मिलिसेकंद
१२८ म्हणजे २.९
२५६ म्हणजे ५.८
५१२ म्हणजे ११.६
१०२४ म्हणजे २३.२

यात ड्रायव्हरचा आणि हार्डवेअरचा वेळ वेगळा मिळवायचा. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे एकूण १० मिलिसेकंद उशीर म्हणजे ड्रम साडेतीन मीटरवर ठेवल्यासारखं. तेवढं हाताला खपतं. २० च्या पुढे पॅड रबरासारखे वाटायला लागतात.

मिडीच्या बाजूचा वेळ नगण्य. जुन्या गोल पाच पिनांच्या केबलवर वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका नोटच्या निरोपाला जेमतेम १ मिलिसेकंद. तेव्हा उशिरासाठी कंट्रोलरला दोष देऊ नका, दहापैकी नऊ वेळा तो निर्दोष असतो.

२५६ वर सुरू करा. आवाज तुटायला लागला तर ५१२, नाही तुटला तर १२८. बॅटरी वाचवणारा पॉवर प्लॅन बंद, चार्जर लावलेला. तरीही तडतड राहिली तर वायफाय बंद करून बघा. लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्राम कोणता ड्रायव्हर आड येतोय ते दाखवतो.

चौथी_मात्रा

एक लपलेला चोर: मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर किंवा लिनिअर-फेज इक्वलायझर. हे पुढचा आवाज आधी बघून काम करतात, म्हणून स्वतःचा उशीर मिळवतात. बफर ६४ केला तरी फरक पडत नाही म्हणून डोकं धरून बसायची वेळ येते. रेकॉर्ड करताना मास्टर रिकामा ठेवा.

कोरी_पाटी

वासापी एक्स्क्लुझिव्ह, बफर २५६. मास्टर रिकामा. तरी उशीर आहेच. आधीपेक्षा थोडा कमी, पण किक आणि हात यांत अजून मोठी फट. हेडफोन ब्लूटूथचे आहेत, त्याने फरक पडत नसावा?

उगाचच

कुणीतरी यांना वायर द्या हो.

वायरवाला

हजर. :)

ब्लूटूथ हेडफोन आवाज आधी दाबून पॅक करतो, पाठवतो, उलगडतो, आणि मध्ये तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवतो. नेहमीच्या जोडणीत १०० ते २०० मिलिसेकंद सहज, कधी त्याहून जास्त. गाणी ऐकताना कळत नाही, सिनेमात व्हिडिओच तेवढा मागे ओढून जुळवतात. पण तुमचं बोट मागे ओढता येत नाही. बफरशी कितीही खेळा, याच्यापुढे काही चालणार नाही. वायरचा हेडफोन लॅपटॉपच्या छिद्रात घाला. ब्लूटूथवर चालणाऱ्या मिडी कंट्रोलरलाही थोडा उशीर लागतो, तुमचा यूएसबीचा आहे म्हणून सुटलात.

कोरी_पाटी

वायर लावली. आता पॅड आणि आवाज एकदम. मूळ प्रश्नातच हेडफोनबद्दल लिहायला हवं होतं, सर्वांची माफी.

चिमटा

मधेच घुसतोय. पॅडऐवजी इलेक्ट्रॉनिक ड्रम किटच जोडला तर वरचं सगळं लागू पडतं का?

खडखडाट

साखळी तीच, पण जादा चार गोष्टी येतात.

यूएसबी नसेल तर गोल पिनांच्या केबलने किटचं मिडी आउट इंटरफेसच्या मिडी इनला. आउट ते आउट जोडून काही होत नाही.

किटच्या मॉड्यूलचा (किटबरोबरचं आवाजाचं यंत्र) आणि सॉफ्टवेअरचा असे दोन आवाज ऐकू येतात. मॉड्यूलमध्ये "लोकल कंट्रोल" बंद करा, किंवा मॉड्यूलचा आवाज शून्यावर.

हाय-हॅटचं पेडल किती दाबलंय हे सीसी ४ ने जातं. सॉफ्टवेअर सीसी ४ ऐकत नसेल तर हॅट कायम उघडी किंवा कायम बंद. शिवाय रोलंडच्या किटमध्ये हॅटच्या कडेला २२ आणि २६ असे वेगळे नंबर असतात, म्हणून कड मारली की शांतता. स्वतः मॅपिंग करत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या किटचा तयार प्रीसेट शोधा.

चौथं, एका पॅडवर मारलं की दुसरा वाजतो तो क्रॉसटॉक, आणि एका टोल्याला दोन नोटा येतात ती डबल ट्रिगर. पहिल्यासाठी मॉड्यूलमधलं क्रॉसटॉक वाढवा आणि स्टँडचे नट घट्ट करा. दुसऱ्यासाठी रिट्रिगर किंवा मास्क टाइम थोडा थोडा वाढवा. फार वाढवलात तर रोलमधले खरे टोलेच गिळले जातात.

चिमटा

आभार. अजून एक. स्वतःचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) टाकून ड्रम रॅक केलाय. उघडी हॅट वाजवून लगेच बंद हॅट मारली तरी उघडी घणघणत राहते.

आडवा_ठेका

दोन्ही एका चोक गटात हव्यात. ड्रम रॅकच्या साखळ्यांच्या यादीत "चोक"चा रकाना आहे. ४२, ४४ आणि ४६ तिन्हींना एकच आकडा द्या. नव्याने आलेली आधीचीला गप्प करते. तयार किटमध्ये हे आधीच केलेलं असतं, म्हणून कळत नाही.

उलट त्रास असेल, पॅड सोडला की क्रॅश मध्येच कापली जात असेल, तर सॅम्पलर नोट संपल्याचा निरोप पाळतोय. एबलटनच्या सिम्प्लरमध्ये वन-शॉटला "गेट" ऐवजी "ट्रिगर" निवडा. रीपरच्या रीसॅम्पलोमॅटिकमध्ये "ओबे नोट-ऑफ्स"ची खूण काढा.

कोरी_पाटी

धागा हायजॅक झालेला आवडला, हेही उपयोगाचं निघालं. (ई) राहिलाय. आणि पहिल्या आठवड्यात नेमकं वाजवायचं काय?

रात्रपाळी

(ई) वर: दोन्ही चालतात. २५ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सुरुवात सहसा ४८ पासून असते, म्हणजे वरचे दोन टॉम, झांजा आणि इतर वाद्यं, किक नाहीच. ऑक्टेव्ह कमीचं बटण एकदा दाबलं की ३६ पासून सुरू. पट्ट्यांना प्रवास जास्त, म्हणून हलके घाव नेमके मारता येतात. पॅड थोडे कडक, पण पटपट आळीपाळीच्या टोल्यांना बरे. फक्त जोर ओळखणारे हवेत. लाँचपॅड मिनीसारखे काही पॅड जोर ओळखत नाहीत, ते क्लिप चालवायला बनवलेत, ड्रम्सला नाहीत.

पॅडवर एक युक्ती: शेजारच्या दोन पॅडना एकच ३८ द्या. दोन बोटांनी आळीपाळीने रोल निघतो, एकच बोट थकत नाही.

समेवरचा

वाजवायचं काय, तर ८० चा टेम्पो, मेट्रोनोम चालू. एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. उजव्या हाताने ४२ वर मात्रेला दोन असे आठ टोले, एक जोराचा, एक हलका: साधारण ९५ आणि ७०. डाव्या तर्जनीने १ आणि ३ वर किक, मधल्या बोटाने २ आणि ४ वर स्नेअर. पॅडच्या मध्यावर मारा, कडेला जोर नीट मोजला जात नाही. न चुकता आठ आवर्तनं झाली की किकचा एक टोला ३ वरून अर्धी मात्रा पुढे सरकवा. मग दोन स्नेअरच्या मध्ये ३० ते ४० जोराचा अगदी हलका स्नेअर टाका. हातांची भांडणं तिथे सुरू होतात.

रेकॉर्ड झाल्यावर मिडी एडिटरमध्ये क्यू दाबा, क्वांटाइझची (टोले जवळच्या रेषेवर सरकवायची) खिडकी येते. १/१६ निवडा, ताकद १०० टक्के.

चौथी_मात्रा

१०० टक्के नको! ६० ते ७० ठेवा. टोले रेषेकडे सरकतात, पण माणसाने वाजवल्यासारखे राहतात.

समेवरचा

नवख्याचा टोला ६० मिलिसेकंद चुकलेला असतो. ६० टक्क्यांनी तो २४ वर येतो, म्हणजे अजून चुकलेलाच, फक्त आता कळत नाही का खटकतंय ते. आधी १०० करून ऐका, मग पूर्ववत करून स्वतःचं ऐका. फरक कानाला दिसला पाहिजे.

चौथी_मात्रा

शिकण्यासाठी ठीक. गाण्यात ठेवण्यासाठी नाही. आणि १/१६ वर टाकण्याआधी बघा की एखादा टोला चुकीच्या रेषेच्या जास्त जवळ नाहीये. ८० टेम्पोला दोन रेषांत १८७.५ मिलिसेकंद अंतर. ९४ च्या पुढे घसरलेला टोला क्वांटाइझ त्याला शेजारच्या घरात नेऊन बसवतं.

सगळेच टोले रेषेच्या आधी पडत असतील तर क्वांटाइझच्या आधी लेटन्सी, म्हणजे उशीर, बघा. आवाज उशिरा येत असला की हात नकळत लवकर मारायला लागतो.

वायरवाला

एवढं सगळं जुळल्यावर ट्रॅकवर उजवं क्लिक करून "सेव्ह ट्रॅक्स अॅज ट्रॅक टेम्प्लेट" करून ठेवा. प्लगइन, इनपुट, मॉनिटरिंग सगळं त्यात साठतं. आणि ड्रम्सच्या सॅम्पलचा फोल्डर नंतर हलवू नका. हलवलात तर प्लगइन उघडेल, किटचं चित्रही दिसेल, आवाज मात्र गायब.

कोरी_पाटी

टेम्प्लेट केलं. ४२ आणि ३८ जमतात, अर्ध्या मात्रेवरची किक अजून स्नेअरला चिकटते. ६० वर उतरून करतोय.

पॅड बँकच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे.

उगाचच

फुल लेव्हलवर पण लावा.